स्थूल अर्थशास्त्राचे अध्यापन आणि वऱ्हाडचे अर्थकारण : ‘गुणक’ संकल्पनेच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : स्थूल अर्थशास्त्र, गुणक, गळती, सीमांत उपभोग प्रवृत्ती, वऱ्हाड, कापूस, रोजगार हमी.

प्रस्तावना :

पदवी स्तरावर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांना एक अनुभव येतो. मागणीचा नियम, उपभोक्त्याचे संतोषाधिक्य किंवा मागणीची लवचीकता हे सूक्ष्म अर्थशास्त्रातील घटक विद्यार्थ्यांना चटकन उमजतात. बाजारात जाऊन भाव करण्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो, हे त्याचे कारण होय. स्थूल अर्थशास्त्राचे तसे नाही. राष्ट्रीय उत्पन्न कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते, सामान्य किंमतपातळी कोणत्याही दुकानात लटकलेली नसते आणि प्रभावी मागणी ही तर मागणी असूनही कोणा एकाची नसते. परिणामी विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, आकृती गिरवितो, पंधरा गुणांचे उत्तर लिहितो आणि परीक्षेनंतर हा विषय विसरून जातो.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील कला शाखेच्या वर्गात बसणारा विद्यार्थी प्रामुख्याने शेतकरी किंवा शेतमजूर कुटुंबातून आलेला असतो. त्याच्या घरात कापसाच्या भावावर, पीककर्जावर, नुकसानभरपाईच्या यादीवर रोज चर्चा होते. म्हणजेच स्थूल अर्थशास्त्राचा कच्चा माल त्याच्या अंगणात पडलेला आहे. तरीही वर्गात शिरताना तो हे सारे दाराबाहेर ठेवून येतो, कारण पाठ्यपुस्तकातील अर्थव्यवस्था ही आपली नव्हे असे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते.

काही वर्षांपूर्वी गुणकाचा घटक शिकवीत असताना फळ्यावर नेहमीचे उदाहरण मांडले होते. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८, म्हणून गुणक ५. सरकारने १०० रुपये खर्च केले तर उत्पन्न ५०० रुपयांनी वाढते. दर्यापूर तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, मंग आमच्या गावात तो पाचपट पैसा कुठी गेला?” वर्ग हसला. मला मात्र त्या तासाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आणि त्यानिमित्ताने या विषयाच्या अध्यापनासंबंधी काही मुद्दे सहकारी प्राध्यापकांसमोर ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

परिभाषेचा अडसर :

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मराठी परिभाषेविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण सिद्धांताच्या आधी, शब्दापाशीच सुरू होते.

‘मॅक्रो’ या अर्थी आपण ‘स्थूल’ हा शब्द वापरतो. ‘ग्रॉस’ या अर्थीही अनेक पुस्तकांत ‘स्थूल’ हाच शब्द आढळतो. उदाहरणार्थ, स्थूल देशांतर्गत उत्पादन. एका ठिकाणी ‘स्थूल’ म्हणजे समग्र अर्थव्यवस्थेकडे पाहणारा, तर दुसऱ्या ठिकाणी ‘स्थूल’ म्हणजे घसारा वजा न केलेला. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. विद्यार्थी मात्र स्थूल अर्थशास्त्रात स्थूल उत्पादन शिकवितात आणि निव्वळ उत्पादन बहुधा सूक्ष्म अर्थशास्त्रात येत असावे, असा तर्क बांधतो. हा तर्क मी उत्तरपत्रिकेत लिहिलेला वाचला आहे आणि त्याला हसण्याचे धाडस मला झाले नाही. ‘समग्रलक्षी’ हा पर्यायी शब्द अर्थदृष्ट्या अधिक नेमका आहे. तथापि तो जिभेवर रुळला नाही. ‘ग्रॉस’साठी वाणिज्य शाखेतील सहकारी ‘ढोबळ’ हा शब्द वापरतात. ‘ढोबळ नफा’ आणि ‘निव्वळ नफा’ ही जोडी गावातील व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. अर्थशास्त्रानेही ती स्वीकारण्यास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ‘इन्फ्लेशन’साठी आपण ‘चलनवाढ’ हा शब्द रूढ केला. या शब्दात कारणाचा निवाडा आधीच झालेला आहे. चलन वाढले म्हणून भाव वाढले, हा चलनसंख्या सिद्धांत शब्दाच्या पोटात दडला असल्यामुळे, अवकाळी पावसाने कांदा सडला आणि त्याचा भाव वाढला, या घटनेलाही विद्यार्थी ‘सरकारने नोटा जास्त छापल्या’ असेच उत्तर देतो. मागणीजन्य आणि खर्चजन्य हे दोन प्रकार त्याला पाठ असतात, परंतु नाव एकाच कारणाचे असल्याने दुसरे कारण त्याच्या मनात रुजत नाही. ‘भाववाढ’ हा साधा शब्द वापरला तर परिणाम आधी सांगता येतो आणि कारण नंतर शोधता येते. सामान्य किंमतपातळीतील सातत्यपूर्ण वाढ एवढे विशेषण जोडले की शास्त्रीय काटेकोरपणाही राखला जातो.

गुणकाचे गणित आणि त्यामागील गृहीतके :

गुणकाची कल्पना प्रथम रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात मांडली. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जनरल थिअरी’ या ग्रंथात तिला गुंतवणूक गुणकाचे रूप दिले. जाता जाता नमूद करावयास हवे की, केन्स यांची कारकीर्द भारताच्याच अर्थकारणाने सुरू झाली. १९०६ ते १९०८ या काळात ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरीस होते आणि १९१३ मधील त्यांचा पहिला ग्रंथ भारतीय चलन व वित्तव्यवस्थेवर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणाविषयीच्या केन्स यांच्या मताचा प्रतिवाद केला आहे. ही गोष्ट वर्गात सांगितली की केन्स हे नाव विद्यार्थ्यांना एकाएकी परके वाटेनासे होते.

गुणकाचे सूत्र सोपे आहे : गुणक = १ ÷ (१ − सीमांत उपभोग प्रवृत्ती). १०० रुपये मजुरी मिळालेल्या व्यक्तीने ८० रुपये खर्च केले तर ते ८० रुपये दुसऱ्याचे उत्पन्न होतात; तो ६४ रुपये खर्च करतो, तिसरा ५१ रुपये २० पैसे, आणि अशी ही उतरती माळ संपेपर्यंत बेरीज ५०० रुपयांवर जाते. हे गणित चुकीचे नाही. चूक होते ती ते कोणत्या अर्थव्यवस्थेसाठी मांडले आहे, हे न सांगण्यात. सूत्रात तीन गोष्टी अध्याहृत आहेत. पहिली, न खर्चलेला पैसा सोडल्यास प्रवाहातून काहीही बाहेर जात नाही. म्हणजे कर नाहीत आणि आयात नाही. दुसरी, मागणी वाढताच वस्तूंचा पुरवठा वाढू शकतो. कारखाने बंद पडलेले आहेत, कामगार दारात उभे आहेत, केवळ गिऱ्हाईक नाही. तिसरी, या साऱ्या फेऱ्या पूर्ण होण्यास लागणारा काळ विचारात घेतलेला नाही.

येथे मला माझी स्वतःची एक चूक नमूद केली पाहिजे. एम.फिल.च्या प्रबंधिकेत ग्रामीण भागातील सार्वजनिक खर्चाचा परिणाम मोजताना मी हेच सूत्र जसेच्या तसे वापरले होते. तालुक्याला मी बंदिस्त अर्थव्यवस्था मानले होते. तोंडी परीक्षेत त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. दर्यापूरच्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच तासाला सुचला.

डॉ. राव यांचा आक्षेप :

वस्तुतः हा आक्षेप भारतीय अर्थशास्त्राला नवा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनात मूलभूत कार्य करणारे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये ‘इंडियन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील आपल्या लेखात अल्पविकसित अर्थव्यवस्थेत केन्सप्रणीत गुणक कार्य का करीत नाही, याचे विवेचन केले. त्यांचे प्रतिपादन असे होते की, केन्स यांच्यासमोरील बेकारी ही अनैच्छिक व उघड बेकारी होती. आपल्याकडील बेकारी ही प्रच्छन्न आहे. शेतात पाच माणसांचे काम सात माणसे करतात, पण त्यांपैकी कोणीही प्रचलित वेतनावर काम मागत दारात उभा नसतो. उपभोग्य वस्तूंच्या उद्योगांत वापराविना पडून असलेली उत्पादनक्षमता नाही. खेळते भांडवल हवे तेव्हा मिळत नाही. आणि वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्या अन्नधान्यावर खर्च होतो, त्याचा पुरवठा एका हंगामापुरता जवळजवळ ताठर असतो. अशा स्थितीत पैशाच्या रूपातील उत्पन्नाचा गुणक फिरतो, परंतु वास्तव उत्पादनाचा गुणक फिरत नाही. फरक भाववाढीत जिरतो.

१९५२ नंतर देशात पुष्कळ बदल झाले हे उघड आहे. आज किराणा मालाच्या पुरवठ्याला एका हंगामाची मर्यादा उरलेली नाही. धान्याची सरकारी कोठारे आहेत, कारखान्यांत क्षमता आहे, ट्रक चोवीस तासांत माल पोहोचवितो. म्हणून राव यांचा आक्षेप आज देशपातळीवर शब्दशः लागू करता येणार नाही, असे माझे मत आहे. पण तो वऱ्हाडाच्या पातळीवर निराळ्या रूपात शिल्लक राहतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे उदाहरण घेता येईल. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी, खोल आणि कसदार आहे. परंतु भूजल खारे असल्याने विहिरीवर बागायत करता येत नाही. खरिपाचे पीक आणि साधले तर ओलीवर हरभरा, एवढेच शक्य असते. या पट्ट्यात लोकांच्या हाती कितीही पैसा आला तरी पुढील हंगामापर्यंत शेतातील उत्पादन वाढू शकत नाही. वाढते ती बाहेरून येणाऱ्या मालाची विक्री. मागणी गावात निर्माण होते आणि पुरवठा बाहेरून होतो. राव यांच्या लेखातला पैसा भाववाढीत जिरत होता, येथील पैसा गळतीत जिरतो.

वऱ्हाडातील रुपयाचा प्रवास :

ही गळती नवीन नाही. १८५३ च्या तहानुसार निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव भडकले. वऱ्हाडी कापूस त्या काळी अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ या व्यापारी नावाने ओळखला जाई. रेल्वे मुंबईहून वऱ्हाडात आली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला. यामागील मुख्य प्रेरणा कापूस होती. हे सारे इतिहासाच्या पेपरात शिकविले जाते. स्थूल अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातून घ्यावयाची गोष्ट अशी की, निर्यातीतून आलेल्या या उत्पन्नाने वऱ्हाडात जिनिंग व प्रेसिंग निर्माण केले. सूतकताई व विणकाम मात्र मर्यादित प्रमाणातच आले. अकोला, बडनेरा, अचलपूर येथे गिरण्या निघाल्या, परंतु कापसाच्या उत्पादनाच्या मानाने त्या थोड्याच राहिल्या, आणि पुढे त्याही टिकल्या नाहीत. रुईच्या गाठी बाहेर गेल्या, कापड बाहेरून आले.

विनिमय दराचा धडाही याच कापसावर शिकविता येतो. १९२७ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स असा कायद्याने निश्चित झाला. पूर्वीचा १६ पेन्सचा दर कायम ठेवावा अशी मागणी अनेक भारतीय व्यापारी व नेते करीत होते. लिव्हरपूलला एखाद्या मालाचे १४४ पेन्स येत असतील, तर १६ पेन्सच्या दराने त्याचे ९ रुपये होतात आणि १८ पेन्सच्या दराने ८ रुपये. तो एक रुपया कोणाच्या खिशातून गेला, हे वर्गातील प्रत्येक विद्यार्थी सांगू शकतो. महाग रुपया निर्यातदाराला मारक असतो हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागत नाही.

आता आजच्या रुपयाकडे वळू. समजा, दर्यापूर तालुक्यातील एका कुटुंबाला कापसाच्या चुकाऱ्यापोटी काही रक्कम मिळाली. तिचा पहिला भाग सेवा सहकारी सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जखात्यात जातो. दुसरा भाग कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जातो. तिसरा भाग दवाखाना, मुलांचे शिक्षण, लग्न यांवर खर्च होतो आणि हे बहुतांशी शहरात होते. उरलेला भाग गावातील किराणा, मजुरी, पिठाची गिरणी, न्हावी, सुतार यांच्याकडे जातो.

यातील पहिला भाग विद्यार्थ्यांना विशेष बुचकळ्यात टाकतो. कर्ज फेडणे ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या परिभाषेत बचत होय, कारण ते उत्पन्न वस्तू व सेवांवर खर्च झालेले नाही. ज्या शेतकऱ्याच्या पत्नीने किराणाही उधार आणला, तो शेतकरी शास्त्राच्या दृष्टीने बचत करीत असतो, हे वाक्य ऐकून वर्गात कुजबुज होते. आणि ती व्हावी. व्यक्तीच्या दृष्टीने जे ओझे उतरणे आहे तेच समष्टीच्या दृष्टीने मागणी आटणे असू शकते, हा काटकसरीचा विरोधाभास येथे कोणत्याही आकृतीविना उभा राहतो.

दुसऱ्या भागात कृषी सेवा केंद्राच्या चालकाला मिळणारे कमिशन तेवढे तालुक्यात राहते. बियाणे, खत, कीटकनाशक यांची मूळ किंमत कंपनीकडे, म्हणजे प्रदेशाबाहेर जाते. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यानंतर शेतकऱ्याने घरचे बियाणे राखण्याचे प्रमाण नगण्य झाले. उत्पादनवाढीच्या अंगाने त्याचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. गळतीच्या अंगाने पाहता जो खर्च पूर्वी घरातल्या कोठीत होता तो आता दरवर्षी बाहेर जातो, एवढे निर्विवाद म्हणता येईल.

हे सूत्रात आणणे कठीण नाही. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ च ठेवू. समजा, खर्चापैकी ४० टक्केच स्थानिक उत्पादनावर होतो. मग प्रत्येक फेरीत पुढे सरकणारा अंश ०.८ × ०.४ म्हणजे ०.३२ होतो आणि गुणक १ ÷ ०.६८, म्हणजे सुमारे १.४७ येतो. पाचाचा दीड झाला. ४० टक्के हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे; गावागणिक तो बदलेल. पण उत्तराची दिशा त्यामुळे बदलत नाही. उरलेला साडेतीनपट पैसा नष्ट झाला नाही. त्याचा काही भाग नागपूर, पुणे, मुंबई, राजकोट, इंदूर येथे कोणाचे तरी उत्पन्न झाला आणि काही भाग बँकेच्या खात्यात थांबला. देशाचा गुणक मोठा आणि तालुक्याचा लहान असू शकतो, हे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे.

रोजगार हमी आणि २००६ चे पॅकेज :

सार्वजनिक खर्चातून मागणी निर्माण करण्याचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा विस्तार १९७२-७३ च्या दुष्काळात झाला आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेसाठी निधी उभारण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करण्यात आला. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते या कराचे होत. बहुतेक प्राध्यापक या कपातीकडे त्रासिक नजरेने पाहतात. वर्गात मात्र ती कपात उपयोगी पडते : ज्याची सीमांत उपभोग प्रवृत्ती कमी त्याच्याकडून घेतलेला रुपया, ज्याची प्रवृत्ती जवळजवळ १ आहे त्याच्या हाती दिला तर एकूण मागणी वाढते, समतोल अंदाजपत्रकाचा गुणक याहून जवळच्या उदाहरणाने शिकविता येणार नाही. मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० हे प्रमाणही केवळ प्रशासकीय बाब नाही. बांधबंदिस्तीच्या कामातील रुपया गावातील मजुराकडे जातो, सिमेंट रस्त्याच्या कामातील रुपयाचा मोठा भाग सिमेंट व यंत्रसामग्रीकडे. पहिल्या फेरीतच गळतीचे प्रमाण ठरून जाते.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकरी आत्महत्यांची ती पार्श्वभूमी वऱ्हाडातील कोणत्याही वर्गात अनोळखी नसते. किंबहुना, हा विषय बोलताना प्राध्यापकाने आवाज जपावा, कारण समोरच्या बाकावर कोण बसले आहे हे आपणास नेहमी ठाऊक नसते. या पॅकेजचे विश्लेषण विद्यार्थ्यांकडून करवून घेताना मी एकच प्रश्न विचारतो : यातला कोणता रुपया कोणाच्या हाती प्रथम पडला? सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे २,१७७ कोटी रुपये, सिंचन प्रकल्पांसाठी होता. तो खर्च प्रथम कंत्राटदार, सिमेंट, पोलाद आणि यंत्रे यांच्याकडे गेला. शेतकऱ्याच्या उत्पन्नात त्याचे फळ पाणी शेतात आल्यावरच, म्हणजे काही वर्षांनी दिसणार होते. थकीत व्याजमाफीचे सुमारे ७१२ कोटी रुपये शेतकऱ्याच्या हाती पडलेच नाहीत. ते बँकेच्या वहीत जमा-नावे झाले. याचा अर्थ व्याजमाफी निरर्थक होती असा नव्हे. तिने शेतकरी नव्या कर्जास पात्र ठरला आणि त्या कर्जातून खर्च सुरू होऊ शकला. मात्र तो परिणाम पतपुरवठ्याच्या मार्गाने होतो, उत्पन्नाच्या मार्गाने नाही. आकडा एकच असला तरी अनुदान, मजुरी, भांडवली खर्च आणि कर्जमाफी यांचे गुणक निरनिराळे असतात. ‘एवढे कोटी दिले’ आणि ‘काहीच मिळाले नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, याचा उलगडा येथे होतो.

याच ओघात साठा आणि प्रवाह यांतील भेदही स्पष्ट करता येतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा जो अनुशेष मोजला, तो साठा होता. दरवर्षी अंदाजपत्रकात होणारी तरतूद हा प्रवाह होय. वर्तमानपत्रांतील चर्चेत या दोहोंची सर्रास गल्लत होते.

भाववाढ कोणाची?

वऱ्हाडच्या वर्गात चलनविषयक धोरण शिकविताना एक अडचण उभी राहते. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन भाववाढीचे ४ टक्के (दोन टक्के खाली-वर) हे उद्दिष्ट स्वीकारले गेले. २०१२ या पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के होता. म्हणजे भाववाढ रोखणे याचा व्यवहारातील अर्थ मोठ्या प्रमाणात खाद्यपदार्थांचे भाव रोखणे असा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह काही नाही. पण वर्गातील विद्यार्थ्याचे घर ग्राहकही आहे आणि विक्रेताही.

२०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचे दर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचले. ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली, आणि नवीन पीक बाजारात येईपर्यंत दर जवळपास निम्म्यावर आले. येथे विद्यार्थी लगेच सारा दोष आयातीवर टाकतात. हंगामाच्या तोंडावर आवक वाढून दर उतरणे हे दरवर्षीच घडते, हे त्यांना दाखवून द्यावे लागते; दोन कारणे एकत्र आली असता कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगणे अर्थशास्त्रज्ञालाही सोपे नसते. कापसाच्या बाबतीत २ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेले ११ टक्क्यांचे आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून तात्पुरते उठविण्यात आले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली गेली. म्हणजे वऱ्हाडातील वेचणीचा जवळजवळ सारा हंगाम तीत आला. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या वाढीव शुल्कामुळे वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल हवा होता, ही त्यामागची बाजू. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झालेला होता. खुला बाजार त्याखाली असताना शेतकऱ्याचा सारा आधार शासकीय खरेदी केंद्र किती लवकर उघडते यावर येऊन ठेपतो. व्यापारनीती, वस्त्रोद्योगातील रोजगार, ग्राहक निर्देशांक आणि दर्यापूरच्या शेतकऱ्याचे उत्पन्न हे चार घटक एकाच अधिसूचनेने हलतात. पाठ्यपुस्तकात ते चार वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

वर्गातील उपयोजन :

उपरोक्त विवेचनाच्या अनुषंगाने अंतर्गत मूल्यमापनात एक छोटा बदल करून पाहिला. ‘गुणक म्हणजे काय? गुणकाच्या मर्यादा स्पष्ट करा’ या ठरीव प्रश्नाऐवजी विद्यार्थ्यांना आपल्या गावात बाहेरून आलेल्या १०० रुपयांचा माग काढण्यास सांगितले. पहिला खर्च कोठे, त्यातील गावात किती, तालुक्यात किती, जिल्ह्याबाहेर किती. दुसरी फेरी कोठवर जाते, इत्यादी. जोडीला जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आणि जिल्हा अग्रणी बँकेचा वार्षिक पत आराखडा वाचावयास दिला. ही दोन्ही प्रकाशने बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत मागविता येतात; मागविली फारशी जात नाहीत. विद्यार्थ्यांनी गोळा केलेली माहिती संशोधन म्हणून छापण्याजोगी नाही. नमुना लहान आहे, आणि आठवणीवर आधारलेल्या खर्चाच्या आकड्यांवर किती विसंबावे हा प्रश्न आहेच. शिवाय शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात अशी तोंडी तपासणी करणे एकट्या प्राध्यापकाला झेपत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तरीही काही उत्तरे लक्षात राहिली. एका विद्यार्थ्याने लिहिले की, शंभरातले पन्नास कृषी केंद्रात गेले, तीस सोसायटीत गेले, वीस किराणा दुकानात गेले. आणि किराणा दुकानदाराचा मुलगा पुण्याला शिकतो, म्हणून त्या विसातले निम्मेही पुण्याला गेले. आदर्श उत्तरपत्रिकेत यासाठी गुणदानाची सोय नव्हती. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण तो मुलगा नोकरीला लागल्यावर गावी पैसे पाठवील की नाही, ही पुढची फेरी त्याने मोजली नव्हती.